फणसे यांचा कोटा

मकरपुऱ्यात उत्तरायणाची सुट्टी.
सगळं बडोदं गच्चीवर,
म्हणून सर्व्हर बंद ठेवायची परवानगी आजचीच.
हसितभाईंनी टेबलावर उंधियूचा डबा ठेवला,
म्हणाले, संध्याकाळपर्यंत जागेचा आकडा दे.

दोन सर्व्हर, साठवण एकच.
दर दोन सेकंदांनी एक दुसऱ्याला विचारतो: आहेस?
आहे.
उत्तर आलं नाही, तर दुसरा आधी पहिल्याची वीज तोडतो,
मगच किल्ल्या हातात घेतो.
क्रूर वाटतं. पण गप्प झालेला मेलेलाच असतो असं नाही,
आणि दोघांनी एकाच पानावर लिहिलं
तर कुणाचंच पान उरत नाही.

चारशे बारा माणसं, माणशी दोन जीबी,
वर वाढीचे तीस टक्के.
सोडून गेलेल्यांची नावं गाळत खाली आले:
फणसे, रत्नाकर. भांडार विभाग.
वारले त्याला दोन वर्षं झाली.
पेटी मात्र वाढतेय.
दर मंगळवारी, रात्री दहाच्या सुमारास,
चार केबी.

पत्रं मी उघडत नाही. मला फक्त आकार दिसतो.
पत्ते-शिक्के वजा जाता दहा-बारा ओळी.
मराठी असेल तर थोड्या कमी.
फोटो नाही.

बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला, थाळ्या वाजल्या.
चार गुणिले बावन्न गुणिले पाच:
पाच वर्षांचा जेमतेम एक एमबी.

आकडा? हसितभाईंनी दारातून विचारलं.
सांगितला.
एवढ्या मोठ्या बेरजेत
तो एक त्यांना दिसणार नव्हता.