तेरा फ्रेम

कार्ड बत्तीस जीबीचं होतं, जेल रोडवरनं घेतलेलं, पक्क्या बिलाचं.
जागा भरपूर होती. हे मी हेरंबला तीनदा सांगितलं,
जागा संपली नव्हती.
फाईल संपली.
चार जीबी झाले की कॅमेरा ती मिटतो,
दुसरी उघडतो आणि पुढे चालू.
विचारत नाही. लाल दिवा लुकलुकतसुद्धा नाही.
ज्याने कुणी ही मर्यादा घातली, त्याच्या हिशेबात
एका दमात याहून जास्त
कुणाला बोलायचं नसणार.

रामबागेतली दुसऱ्या मजल्यावरची खोली.
शरयूताई मुळ्ये, वय एक्याऐंशी.
कॉलरमाइक पदरावर टिकेना म्हणून
श्रोत्री वकिलांनी स्वतःच्या टायची पिन काढून दिलेली.
मृत्युपत्र कागदावर होतंच, सह्याही झाल्या होत्या.
वकील म्हणाले, व्हिडिओ असू द्या,
उद्या कुणी म्हणायला नको, बाईंना समजत नव्हतं.
सगळं समजत होतं.
फ्लॅट, बँकेतल्या पावत्या,
गच्चीवरच्या टाकीतला अर्धा हक्क,
पितळी अडकित्ता कुणाला, आणि का,
वाण्याला यादी सांगावी तशा सांगत गेल्या.
मग कागदात नव्हतं ते सुरू झालं.

माझं लक्ष बॅटरीच्या काड्यांकडे.
हेडफोन कानांवर होता,
पण डोक्यात संध्याकाळचं सुखलियातलं महिला संगीत
आणि ट्रायपॉडचा ढिला पाय.

क्लिप खरं तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून उतरवायची असते.
ते दोन तुकडे असे शिवतं की टाका दिसत नाही.
मी घाईत फाईली हातानेच ओढल्या,
कार्ड पुसलं,
आणि रात्री त्यावर नवरीच्या आत्यांचे नाच भरले.

पहिली फाईल संपते: ‘हेरंबवर माझा राग’
दुसरी सुरू होते: ‘हे त्याला माहीत आहे.’
मध्ये तेरा फ्रेम. अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त.

आपण क्रियापद शेवटी ठेवतो,
निघालेल्या पाहुण्याला खरं काम
दारात सांगावं तसं.
अर्ध्या सेकंदात ‘नाही’ मावतं.
‘आहे’ही मावतं. मी दोन्ही म्हणून पाहिलं, घड्याळ लावून.
‘होता’सुद्धा.

चित्र थांबवून ओठ पाहिले.
शेवटच्या फ्रेममध्ये तोंड जरासं उघडं, जीभ दिसत नाही.
पुढच्या फ्रेममध्ये त्या खिडकीकडे पाहताहेत.

दिवाळीनंतर त्या गेल्या.
हेरंब पीथमपूरहून येतो, शिफ्ट सुटल्यावर,
बुटांवर कारखान्याची धूळ, डब्याची पिशवी मांडीवर.
‘तुम्ही तर समोरच होतात.’
होतो.
‘कानाला लावलेलं होतं.’
होतं.
यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

एका शनिवारी ठरवलं, खोटं सांगून टाकू.
‘नाही’ म्हणाल्या, स्पष्ट ऐकलं मी.
काय जातं आपलं.
तोंड उघडलं, तर त्यानेच हात वर केला.
‘राहू द्या.
ती घरातही असंच करायची.
वाक्य अर्धं टाकून दूध बघायला उठायची,
आणि परत येऊन पुढचंच बोलायची.
आम्ही विचारायचो नाही.’

मग म्हणाला, पुन्हा एकदा लावा.
लावलं.
‘राग’पाशी तो पुढे झुकतो, दर वेळी झुकतो,
जसं स्क्रीनच्या आत कुणी हळू बोलतंय.

जोडून देऊ का, विचारलं.
मला येतं तेवढं, जोड कळणारही नाही.
नको म्हणाला. दोन आहेत तर दोनच द्या.

शूटिंगचे पैसे मी घेतले नव्हते.
पेन ड्राइव्हचे तरी घ्या, म्हणाला.
तेवढे घेतले. साडेतीनशे.