एकाच पळीनं

थांबा, किल्ली फिरवून ते उघडत नाही.
आधी खांद्यानं दार जरा वर उचलायचं, मग किल्ली.
सोडा. मी करते.

या आत. टोपी काढा.
पुढे एक पायरी खाली आहे, सगळेच अडखळतात,
मागे बिशप आले होते, तेही.

हा तो दगड, ज्याच्यासाठी तुम्ही
सेर्दैरालचा एवढा चढ चढलात.
संत ऑझेंदाचा बाप्तिस्मा याच कुंडात.
जानेवारी महिना, पाणी गोठलेलं,
फादरांनी पळीच्या दांड्यानं बर्फ फोडला म्हणतात.
कड बघा कशी झिजलीय.
लावा हात, लावा. मी मागून पुसते.

लहानपणीचं काही? तेच विचारतात सगळे.
पुस्तिकेत छापलंय, ती कोकरांना प्रार्थना शिकवायची.
आमच्या घरात वेगळं सांगतात:
मेणबत्त्यांची उरलेली टोकं चोरायची,
प्रवचन चालू असताना बाकाखाली पाय हलवायची,
आणि चौदाव्या वर्षी खेचरावर बसून गेली
ती गेलीच.
पटकीच्या साथीत परक्यांची पोरं उचलता उचलता मेली.
मोठी बाई. मी कुठं नाही म्हणते?

पण ही नोंदवही बघा. काचेवर बोट नको.
हे तिचं नाव, खाली लाल रेघ.
रेघ नंतरची आहे, कुणीतरी ओढलेली.
आणि तिच्या लगेच खाली,
त्याच सकाळी, त्याच पळीनं:
फेलिस्मिना, कोळसे पाडणाऱ्याची मुलगी.
हिच्याखाली रेघ नाही.
ही माझ्या पणजीची पणजी.

ती कुठं गेली नाही.
नऊ बाळंतपणं, त्यातल्या चार लहान लहान पेट्या
मागच्या भिंतीला लागून पुरलेल्या.
शनिवारी राख घेऊन ही फरशी घासायची.
नवस तिला कुणी बोललं नाही,
पायातला चिखल मात्र सगळ्यांनी तिच्यासाठी आणला.

बर्फ पडलं की बस येत नाही.
तेव्हा मी इथं शाल गुंडाळून बसते
आणि मनात येतं, पाण्याला काय कळलं असेल,
कुठलं डोकं कुणाचं?
एवढ्यात तिसरा वासा गळायला लागतो
आणि मी बादली आणायला उठते.

आता कुंड कोरडंच असतं.
शेवटचा बाप्तिस्मा माझ्या भाच्याच्या मुलाचा,
अकरा वर्षं झाली. ते लक्झेंबर्गला असतात.
भाचा तिथं लोकांच्या न्हाणीघरात फरशा बसवतो.
हात चांगला आहे त्याचा.
कुणाचा आलाय, ते मी त्याला सांगितलंय.
हसला फोनवर.

पेटीत काही टाकणार असाल तर छपरासाठी टाका.
संतबाईला काही लागत नाही.
आणि निघताना दार ओढून घेऊ नका,
असू द्या तसंच उघडं.
ते उचलून घ्यावं लागतं.