खालची चिठ्ठी

चोपड्याच्या कॉलेजात, वनस्पतिबागेच्या मागे
पत्र्याखाली तीन लोखंडी कपाटं.
दार उघडलं की आधी डांबरगोळ्या बोलतात,
मग जुनं वर्तमानपत्र,
मग फार उशिरा, गवत.

चार हजार दोनशे कागदांचे फोटो काढायचेत मला.
एकेक कागद दोन्ही तळव्यांवर घ्यायचा,
निजलेलं तान्हं या मांडीवरून त्या मांडीवर घ्यावं तसा.
जरा कलला की पाकळी गेली.
गेलेली पाकळी हिलालनाना चिमट्याने उचलतात,
पुडीत घालतात, कुंकवाची बांधावी तशी बांधतात,
त्याच कागदाच्या कोपऱ्यात डकवतात.
रिटायर होऊन पाच वर्षं झाली,
तरी अकराला हजर.

"मे महिन्यात प्रेस लागायचीच नाही," ते सांगतात,
"गच्चीवर टाकलं की संध्याकाळी पापड.
पावसाळ्यात मात्र रोज टिपकागद बदलायचा.
ओले काढा, कोरडे घाला, ओले चुलीशी वाळवा.
रविवारीसुद्धा.
बुरशीला कुठे रविवार असतो?"

कागद तेराशे बारा.
उनपदेवच्या वरचा नाला, १२ सप्टेंबर १९८३.
वीतभर झुडूप, मुळांसकट.
एक पान मुद्दाम पालथं, पाठीची लव दिसावी म्हणून.
देठाशी एक मुंगी चिकटून वाळलेली,
तिची नोंद कुठेच नाही.
संग्राहक: प्रा. द. मो. झांबरे.
फुलाचा रंग: निळा.

फूल आता चहाच्या चोथ्यासारखं.
रंग वाळवता येत नाही,
म्हणून तो लिहून ठेवतात.
चाळीस वर्षं हा निळा
फक्त शाईत आहे.

नाना चष्मा कपाळावर चढवतात, वाकतात.
"निया नव्हता तो."
मग सावरून, माझ्यासाठी, पुस्तकी भाषेत:
"निळा नव्हता. वांगी होता."

वांगी म्हणजे? आपलं भरताचं वांगं तर हिरवं.

"वांग्याचा नाही गं बाई, वांग्याच्या फुलाचा!
नाल्यात मी उतरलो होतो, कमरेएवढ्या पाण्यात.
सर वर, खडकावर, वही उघडून.
मी चढून येईपर्यंत फूल मावळलं.
सरांनी लिहिलं ते खोटं नाही.
त्यांच्यापर्यंत पोचलं तेव्हा निळंच होतं."

इथे एक नियम आहे:
जुनी चिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही.
नाव चुकलं असेल, कूळ बदललं असेल,
नुसती शंका असेल तरी
तिच्याखाली नवी डकवायची, तारीख घालून, सहीनिशी.
काही कागदांवर पाच-पाच चिठ्ठ्या आहेत.
माणसं गेली, वाद चालू आहे.

मी कोरी चिठ्ठी कापून पुढे सरकवते.
"मी?" नाना हसतात, "माझी सही पगारपत्रकापुरती."
मग बराच वेळ पेनाचं टोपणच निघत नाही.
मग बोटं शर्टाला पुसून, एकेक अक्षर दाबून:

नाल्यात ताजं असताना वांग्याच्या फुलासारखं.
वर आणेपर्यंत निळं.
हिलाल सुका बाविस्कर, शिपाई.

'शिपाई'वर थोडे थांबले.
नियमाप्रमाणे खोडलं नाही.
पुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं:
उतरलेला.

डिंक वाळेपर्यंत वजन म्हणून
चिठ्ठीवर त्यांचाच जेवणाचा डबा.
सायकलचं कुलूप काढता काढता
खिडकीतून मला म्हणाले,
त्या मुंगीचं राहिलंच की.