पाठ फिरवून

दोन वर्षं झाली, सोनटक्क्याला फूल नाही.
नुसती पानं, कमरेएवढी,
वडापच्या जीपमध्ये कोंबल्यासारखी,
कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत.

हरिपुरात फाल्गुन म्हणजे हळद शिजायचा वास.
गावभर काहिलींची वाफ,
आणि मी मागीलदारी पहार घेऊन
हळदीच्या या बिनकामाच्या चुलतबहिणीपुढे.
बाजारात हिला कोण विचारत नाही.
तीन महिने संध्याकाळी वास देते, बस्स.

पहिला घाव चुकला.
आतलं ओलं पांढरं दिसलं
आणि तोंडातून उगाच गेलं, "लागलं का गं?"
पुराच्या गाळाची माती: वर लोणी, खाली वीट.
गड्डा सुटता सुटेना.
सुटला तेव्हा बुडाशी
कपड्याचा चिमटा, एक गोटी,
आणि यशोधरच्या ट्रकचं चाक.
तो आता बेळगाव लाइनीला खरा ट्रक चालवतो.

"डोळा बघून काप," आप्पा म्हणायचे,
"आंधळा तुकडा नुसता कुजतो."
कोयत्याने एकोणीस केले.
जखमांना राख चोळली.
दहा शाळेतल्या तावदरेबाईंना,
चार इथेच, हातभर अंतराने,
पाच भिंतीपलीकडे, रत्नाक्का चौगुलेला.

हाक मारली. ती कांदे निवडत होती, उठली नाही.
"दिलेलं झाड मला लागत न्हाई गं.
चोरून आणलेलंच तेवढं जगतंय.
ती जास्वंद बघ, दवाखान्यातली.
मोगरा तर... जाऊ दे, तुझाच हाय."

माझा मोगरा!
त्या वर्षी मी वाळवीला किती शिव्या दिल्या.

मग पाच कंद ओल्या गोणपाटात गुंडाळून
भिंतीवर ठेवले,
आणि मांजराला मोठ्यांदा सांगितलं,
"चला, आता मी जरा पडते."
पाठ फिरवली. आत जाऊन
कडी दोनदा वाजवली, ऐकू जावी म्हणून.

सकाळी गोणपाट तिथंच.
आत पाचही कंद, जसेच्या तसे.

वाफ्यात मोजले, तर चाराचे तीन.
नळाजवळचा, सगळ्यात मोठा, दोन डोळ्यांचा,
माझ्यासाठी ठेवलेला, तो नाही.
त्या जागी माती परत भरलेली,
तळव्याने सारखी दाबलेली,
आणि उरलेल्या तिघांना
पाणीसुद्धा घातलेलं.