सतरा नंबर

डिग्रजच्या यार्डात सतरा नंबर
सोळाच्या गालाला गाल लावून ओतला;
मधे फक्त साबणाचा हात.
दुसऱ्या कुठल्या सोळाला तो बसणार नाही.

आज महिन्याभरानं, कृष्णेवर,
क्रेनला लोंबकळत त्याची गाठ पडते.
खाली म्हशी. एकही मान वर करत नाही.

बाबालाल नदाफ जॅक लावतो.
"मागं थांबू नका रं,
तार सुटली तर नाव विचारत नसती."
काटा चढतो.
सांध्यातनं इपॉक्सी
पिळल्यागत बाहेर येते.

पट्टी लावतो, वहीत लिहितो:
एकशे बारा मिलिमीटर.
पेन कानावर.

मग कुणी बघत नाही असं बघून
बूट काढतो,
सोळावरनं सतरावर जातो,
तळव्याला फट लागते का ते चाचपत.

परत येतो.
परत जातो.