प्रतिज्ञापत्र

मोती तबेल्याला, कलेक्टर कचेरीच्या भिंतीलगत माझं टेबल.
टाइपरायटर गेला, प्रिंटर आला,
छत्री तीच.
रिझूमल येतो अकराच्या सुमाराला.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक,
तिच्यात मुदत संपलेला हिरवा पासपोर्ट
आणि ठुल गावच्या शाळेचा दाखला.

इकडचं व्हायचं तर तिकडचं सोडल्याचा कागद आणा.
तिकडचे म्हणतात, सोडायलाही पासपोर्ट चालू लागतो.
चालू करायला दिल्ली.
दिल्लीला जायला पोलिसांची परवानगी,
कारण व्हिसा फक्त इंदूरपुरता.
दुकानासमोरून देवासची बस जाते रोज,
कंडक्टर ओळखीचा झालाय.

मुलगी उल्हासनगरला दिली, फेरे मोबाईलवर पाहिले
हे तो हिंदीत सांगतो, मी मराठीत ऐकतो,
टाइप करतो तिसऱ्याच भाषेत, सरकारी.

दर एक जानेवारीला दोन्ही सरकारं
न चुकता याद्या देतात एकमेकांना.
राजदूत माघारी गेले, मुनाबावची गाडी बंद पडली,
याद्या जातातच:
तुमचे कैदी इतके, आमचे इतके,
आमच्या अणुभट्ट्या इथे, इथे आणि इथे.
रिझूमल कैदी नाही.
भट्टीही नाही.

धीर द्यावा म्हणून मी त्याला पणजोबांची गोष्ट सांगितली.
वाईहून आले होळकरांच्या दफ्तरात, कितीतरी वर्षं परकेच.
तेव्हा म्हणे गावातच दुसरं राज्य होतं,
रेसिडेन्सीत गोऱ्यांचा कायदा.
शिपाई हद्दीच्या दगडापाशी थांबायचा,
चोर पलीकडे जाऊन विडी पेटवायचा.
आज तो दगड कुठे होता, कोणाला धड सांगता येत नाही.
रिझूमलनं विचारलं,
"मग त्या चोराचं काय झालं?"
मला माहीत नव्हतं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं माझं बोट धरलं,
शाई घासून पाहिली,
कापडाचा रंग जातो का पाहावं तशी.
किती दिवस राहते?
नखाबरोबर वर सरकते, म्हटलं,
मग कापून टाकायची.

आज नवीनच भानगड.
पासपोर्टवर रेझू मल, दोन शब्द.
अर्जात रिझूमल, एक.
मधली फट बोटभरही नाही,
पण खिडकीतले साहेब अडकले तिथेच.
स्टॅम्प पेपर आणला. मी टाइप केलं:
शपथेवर लिहून देतो की
रेझू मल आणि रिझूमल
ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मी आहे.

अक्षरं उजवीकडून डावीकडे शिकलेला तो,
हे त्याला वाचता येत नाही.
मी वाचून दाखवतो.
शेवटची ओळ परत, म्हणतो.
वाचतो.
अजून एकदा.

मागे रांग वाढलीये,
कोणीतरी खाकरतं.