भिंतीकडची बाजू

करार साधा होता: अठरा पौंड,
सहा आगाऊ, बाकी थडगं बसल्यावर.
चेलॅस्टनच्या खाणीतला अलाबास्टर, तांबडी शीर नसलेला.
मधे हॅविंग्डनचे लॉर्ड फुल्क, चिलखतात,
उजवीकडे सिसली, डावीकडे उर्सुला,
दोघींच्या पायांशी एकेक कुत्रं.

माणूस अजून जिवंत.
स्वतःच आला बर्टनला, पोटरीपर्यंत चिखल,
गुडघा धरून घोड्यावरून उतरला.
म्हणाला, नाक आहे तसंच ठेव.
ते नाक म्हणजे त्यांच्या घराण्याचं वतनपत्र.

सिसलीबाईंचा चेहरा कसा होता, मी विचारलं.
तो बराच वेळ गप्प.
लग्नात ती बारा वर्षांची, हा चौदाचा,
आंदणात चारशे मेंढ्या आणि एक पाणचक्की.
मेंढ्यांच्या कानावरची खूण त्याला आठवत होती.
"उर्सुलासारखाच कर," म्हणाला शेवटी. "थोडी लहान."

बाजूच्या पट्टीवर मुलं. नऊ.
त्यांतली चार बाळुत्यात गुंडाळलेली,
घेवड्याच्या शेंगांसारखी.
पेट्रोनिला मोतद्दाराबरोबर पळून गेली यॉर्कला.
"तिचा चेहरा पलीकडे वळव," तो म्हणाला,
आणि दारापर्यंत जाऊन परत आला:
"हातात पुस्तक दे. तिला वाचता यायचं."

एक बहीण आहे, क्रिस्टाबेल. मठात होती.
मठ मोडला, तेव्हा छपराचं शिसं
गाड्या भरभरून याच्याच हवेलीवर चढलं,
आणि तीही आली, त्याच शिशाखाली, एका खोलीत.
गारा पडल्या की म्हणते म्हणे,
ऐका, आमचं वाजतंय.
थडग्यावर तिला जागा नाही.
त्याने काढलं नाही, मीही विचारलं नाही.

मग माझ्या पोऱ्याला त्याने बाहेर पाठवलं.
"चौथी बाजू भिंतीला लागणार ना?"
हो. तिथे आम्ही छिन्नीचे घावसुद्धा घासत नाही.
"तिथे एक माणूस कर.
वय सव्वीस. डावा खांदा उतरलेला;
सफरचंदाच्या झाडावरून पडला होता,
चढवलं मीच होतं.
नाव नको. ढाल नको."

नाव सगळ्या परगण्याला ठाऊक होतं.
जर्वेस, याचा धाकटा भाऊ, राजद्रोहाचा खटला.
न्यायासनावर बसलेल्या सात जणांत
फुल्क पाचवा होता.
हवेली वाचली. मेंढ्या वाचल्या.

गळा कसा करू?
विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

तो हातमोजे घालत होता. एक बोट
सारखं चुकीच्या जागी शिरत होतं.
"अखंड," म्हणाला.

या नाताळाआधी तो गेला.
आठ बैलांनी थडगं ओढलं, दोन दिवस.
भिंत आणि दगड यांत मी वीतभर फट ठेवली.
गवंडी म्हणाला, बुजवू?
म्हटलं, राहू दे, दगडाला ओल धरते.
खोटं होतं.

कुत्र्याचे कान मोठे झाले म्हणून
उर्सुलाबाईंनी दहा शिलिंग कापले.
लोक पांगले. मी ठोकळे, दोऱ्या गोळा करत होतो.
म्हातारी क्रिस्टाबेल थडग्याला वळसा घालून
त्या अंधाऱ्या फटीशी थांबली,
बाही वर केली,
हात आत घातला, कोपराच्याही वर.

"डावाच," ती म्हणाली.
मी दोरी गुंडाळत राहिलो.
बोटांवरची पांढरी भुकटी
झग्याला न पुसताच ती निघाली,
हात जरा लांब धरून,
सांडेल की काय असा.